यसबानं एटीव्ही पारखली

मी आधीच सांगितलं होतं. एकदा नाही, चार वेळा. चुलीपाशी सांगितलं, ओट्यावर सांगितलं, गटाच्या बैठकीत उभं राहून सांगितलं, आणि चौथ्यांदा तर देवळासमोर ओरडून सांगितलं, की यसबाला गाडी घ्यायला पाठवू नका. कोणी विश्वास ठेवला नाही. म्हणाले, बायडाक्का चौथी शिकलेली, तिला गाडीतलं काय कळतंय? गाडी घ्यायला किती शिकावं लागतं ते मला माहीत नाही. पण यसबाला न पाठवायला चौथी पुरते.

तर डोंगराच्या कुशीत उंबरसडा नावाचं आमचं गाव, आणि त्या गावात यसबा नावाचा एक भोळा माणूस. त्याच्याकडे पाण्याच्या टाकीचं काम. सकाळी सहाला नळ सोडायचा, सातला बंद करायचा. एकदा सकाळी तात्यांच्या गवताच्या गंजीला आग लागली. बायका हंडे-कळश्या घेऊन धावल्या. गंजी अर्धी विझली आणि सात वाजले. यसबानं नळ बंद केला.

तात्या बोंबलले, "आरं, नळ सोड!"

यसबा म्हणाला, "सात वाजलं की तात्या. उरल्याली उद्या सहाला इझवू."

असा माणूस. खोटं बोलत नाही, चोरी करत नाही, आणि सांगितलेलं सोडून दुसरं काही करत नाही.

आमचा सहा बायकांचा गट आहे. बंद पडलेल्या दूध डेअरीच्या दोन खोल्या आम्ही झाडून, रंगवून पाहुण्यांना राहायला केल्या. पुण्याच्या केतकीताई सहली काढतात, त्या येऊन बघून गेल्या. पिठलं-भाकरी खाल्ली, बोटं चाटली आणि म्हणाल्या, "जागा छान आहे. पण माझ्या लोकांना नुसतं बसायला आवडत नाही. वरच्या सड्यावर जाणारी बैलवाट आहे ना, त्या वाटेनं एटीव्ही चालवायला मिळाली तर मी दर शनिवार-रविवार माणसं आणते. नाही तर पलीकडच्या खोऱ्यात एक जण गाडी घेतोय, तिकडे नेते."

सडा म्हणजे डोंगराचा सपाट, कातळाचा माथा. आणि एटीव्ही म्हणजे चार जाड चाकांची, डोक्यावर टप नसलेली, घोड्यावर बसतात तशी टांग टाकून बसायची गाडी. रस्ता नसेल तिथं चालते. शहरातल्या लोकांना रस्ता नसलेल्या जागी फार मजा वाटते. आम्हाला ती मजा साठ वर्षं फुकट मिळते आहे.

मला मात्र मजेशी काही देणंघेणं नव्हतं. मी बारा वर्षं पुण्यात चार घरची भांडी घासली. गट निघाला तेव्हा परत आले. पाहुणे आले नाहीत तर पुन्हा त्याच चार मोऱ्या आणि त्याच चार बायकांची बोलणी. मला परत जायचं नव्हतं.

गाडी कुठली घ्यायची, यावर बैठक बसली. या गाड्या दोन जातींच्या असतात. एक पळणारी: सडपातळ, तांबडी, शर्यतीची. दुसरी कामाची: पुढं-मागं ओझ्याला लोखंडी जाळी, ओढायला आकडा, रुंद बूड, पळत नाही पण चढ सोडत नाही. मी म्हटलं, "कामाची घ्या. पाहुणा मजा करायला येतो, मरायला येत नाही. त्याला पाडणार नाही अशी गाडी पाहिजे. जाळीवर पाण्याचा कॅन बसेल, भाकरीची टोपली बसेल."

तात्या म्हणाले, "मजेला कामाची गाडी? तांबडीच घ्यायची. बायडाक्का, मी पंचवीस वर्सं एस.टी.त होतो."

मी म्हटलं, "तिकिटं फाडायला होता. गाड्या निवडायला नव्हता."

सगळ्या हसल्या, आणि तिथंच माझं म्हणणं पडलं. कारण तात्या म्हणजे आमच्या गटाच्या अध्यक्ष अनुसयाक्का, त्यांचे मालक.

मग गाडी आणायला जायचं कोणी? तात्या गेले तर दुकानदाराकडून आपलं काहीतरी काढून घेतील, असं शाळेतल्या गुरुजींना वाटलं. गुरुजी गेले तर तेच करतील, असं तात्यांना वाटलं. दोघांचंही खरं होतं. म्हणून गावात प्रामाणिक माणूस शोधायला बसले. दोन तास शोधला. एकच सापडला.

"यसबा, तालुक्याला जा आन् गाडी बघून ये," अनुसयाक्का म्हणाल्या. "घाई करू नगंस. बैल घेतोस तशी पारखून घे."

"बरं," म्हणाला यसबा, आणि गेला.

जाताना त्यानं बैलाला टोचायची पराणी घेतली. खिशात मूठभर पेंड घेतली. खांद्यावर टॉवेल टाकला.

दुकानात एक मुलगी होती. गळ्यात ओळखपत्र, तोंडावर हसू. "या सर, काय दाखवू?"

"दात," म्हणाला यसबा.

मुलीला कळेना. यसबानं पुढचा दिवा उचकटायला घेतला. उघडेना. मग त्यानं गाडीच्या पुढ्यात पेंड ठेवली आणि पाच मिनिटं वाट बघितली. गाडीनं खाल्ली नाही. मग कुशीत पराणी टोचली. मग मागं गेला. त्या गाडीला मागं एक लवचिक काठी उभी असते, टोकाला झेंडा लावलेली. यसबानं ती धरून पिरगाळली. ती हातात आली.

इथवर मुलगी तोंडावरचं हसू सांभाळून होती. नोकरी होती बिचारीची. पण आमच्याकडे बैलाचा भाव तोंडानं करत नाहीत. घेणाऱ्यानं आणि देणाऱ्यानं हातात हात घ्यायचा, वर टॉवेल टाकायचा, आणि टॉवेलाखाली बोटं दाबून आकडा सांगायचा. बघणाऱ्याला काही कळत नाही. यसबानं मुलीचा हात धरला, वर टॉवेल टाकला आणि बोटं दाबायला लागला.

"लाजू नगा," म्हणाला. "बोटावर करू समदं."

मुलीनं अशी किंकाळी फोडली की समोरचा मेडिकलवाला शटर ओढून आत बसला. दारावरच्या माणसानं यसबाला मानेला धरून बाहेर काढलं. मागोमाग टॉवेल आला, पराणी आली, आणि जे हाताला लागेल ते म्हणून गाड्यांच्या चित्रांचं एक पुस्तक आलं. यसबानं सगळं गोळा केलं आणि घरी आला.

"काय रं, झाली का पसंत?" अनुसयाक्कानं विचारलं.

"न्हाई," म्हणाला यसबा. "दात न्हाईत. पेंड खात न्हाई. टोचलं तर अंग चोरत न्हाई. शेपूट हातात आली. आन् मालकीण बोटं धरू दीना. खोडील जनावर हाय."

अनुसयाक्का कपाळ धरून बसल्या. तात्या पुढं झाले. "आरं येड्या, ते यंत्र हाय. यंत्राचं दात बघत न्हाईत. यंत्रावर वझं टाकून बघायचं. टिकलं तर आपलं, न्हाई टिकलं तर सोडून द्यायचं."

"बरं," म्हणाला यसबा, आणि गेला.

पण तालुक्याला जाऊन करतो काय? दारातला माणूस आत घेईना. म्हणून यसबानं ते चित्रांचं पुस्तक काढलं. माझ्या ओसरीवर तांदळाचं पोतं होतं, ते न विचारता उचललं. देवळासमोर पुस्तक उघडून ठेवलं आणि पहिल्या पानावर वरून पोतं टाकलं. पान फाटलं.

"ही गेली," म्हणाला यसबा.

दुसरं पान. पोतं. फाटलं. "ही बी गेली."

तिसऱ्या पानावर तात्यांची तांबडी होती. तिचे दोन तुकडे झाले, चाकं वेगळी, दिवा वेगळा. तात्या हळहळले. अशा नऊ गाड्या गेल्या. माझं पोतंही उसवलं, तांदूळ कोंबड्यांनी खाल्ले. मी काय बोलले ते इथं लिहीत नाही, लहान मुलं वाचतात.

शेवटी पुस्तकाचं मागचं पान राहिलं. ते जाड पुठ्ठ्याचं. यसबानं तीनदा पोतं टाकलं. पुठ्ठा हलला नाही.

"ही टिकली," म्हणाला यसबा.

सगळे वाकून बघायला लागले. पुठ्ठ्यावर होती कामाची गाडी. पुढं जाळी, मागं जाळी, ओढायला आकडा, रुंद बूड. मी पहिल्या दिवसापासून सांगत होते तीच. तात्यांनी दुकानात फोन केला आणि तीच मागवली. गावानं माझं ऐकलं नाही, पण पोत्याचं ऐकलं.

गुरुजींना मात्र पुस्तकाचं वाईट वाटलं. छापील कागदावर त्यांचा फार जीव. त्यांनी यसबाला जवळ बसवून समजावलं. "अरे, चांगल्या वस्तूची अशी वाट लावतात होय? चांगली वस्तू जपायची असते. प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळायची, वरून दोरी बांधायची. वारा म्हणून लागू द्यायचा नाही. उशाला घेऊन झोपायचं."

"बरं," म्हणाला यसबा, आणि गेला.

पुस्तकात जपण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. पण शुक्रवारी टेम्पोतून गाडी आली. नवीकोरी, हिरवी, जड. अनुसयाक्कानं हळदकुंकू लावलं, तात्यांनी नारळ फोडला, आणि रविवारपर्यंत राखायला ती यसबाकडे दिली. मी म्हटलं, "दुसऱ्या कोणाकडं द्या." म्हणाले, "बायडाक्का, तुझं आपलं काहीतरीच. राखायला काय अक्कल लागती?"

शनिवारी सकाळी मी बघायला गेले. गाडी दिसेना. अंगणात ताडपत्रीचा एक मोठा गठ्ठा होता. आत प्लॅस्टिक, वर ताडपत्री, त्यावर सुंभाच्या दोरीचे अठरा वेढे. चारी चाकं तेवढी मोकळी, कारण ताडपत्री पुरली नाही. गठ्ठ्याच्या पुढच्या जाळीवर यसबाची वाकळ आणि उशी.

रविवारी केतकीताई सहा पाहुणे घेऊन आल्या. पुण्याच्या कुठल्या कंपनीतले साहेब लोक, त्यांच्यात दिघेसाहेब सगळ्यांत मोठे आणि सगळ्यांत जड. पाहुण्यांना वर घेऊन तात्या जाणार होते. पण चढ बघून त्यांच्या पोटात कळ आली. म्हणून यसबाला पुढं केला.

अनुसयाक्कानं त्याला बाजूला घेऊन नीट बजावलं. "हे बघ, पाव्हण्याला न्हाई म्हणायचं न्हाई. काय बी इच्यारलं तर व्हय म्हणायचं. आन् चढाला कोण दमलं तर आपली रीत ठावी हाय न्हवं? दमल्याला डोलीत घालायचं, बाकीच्यांनी खांदा द्यायचा."

गावाच्या वर डोंगरातल्या वस्त्यांना रस्ता नाही. आजारी माणूस, अडलेली बाई असली की बांबूला घोंगडी बांधून तिच्यात घालून नेतात. ती डोली. खिंडीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये बांबू आणि दोर कायम ठेवलेले असतात.

"बरं," म्हणाला यसबा, आणि निघाला.

केतकीताईंनी गठ्ठा बघितला. "हे काय? हिला गुंडाळलंय कशाला?"

तात्या पोट धरून ओरडले, "यसबा, साहेबांना बसायपुरती जागा मोकळी कर की!"

यसबानं चाकूनं ताडपत्री कापली. बसायपुरती. दिघेसाहेबांनी स्वतःच हात घालून हँडल बाहेर ओढलं, चावी शोधली, आणि ताडपत्रीवर बसून निघाले. बाकीचे मागून चालत. आपली पाळी येईल म्हणून हसत, फोटो काढत.

मी पुढं गेले होते. वर सड्यावर तळ्याकाठी तीन दगडांची चूल मांडून पिठलं रटरटत ठेवलं होतं. मनात म्हणत होते, एवढा एक दिवस नीट जाऊ दे, मग दर शनिवारी पन्नास भाकऱ्या थापीन, पण मोरीपुढं बसणार नाही. अकरा वाजले. साडेअकरा वाजले. गाडीचा आवाज काही येईना.

बारा वाजता खालच्या वळणावर डोली दिसली.

माझ्या हातातलं उलथनं पडलं. डोली, आणि खांदे देणारे सगळे पाहुणे. कोणीतरी गेलं, म्हटलं. मी मोजलं. सहा पाहुणे खांद्याला. सातव्या केतकीताई, त्याही खांद्याला. म्हणजे आत यसबा. वाईट वाटलं मला, खोटं कशाला सांगू? तेवढ्यात डोलीच्या पुढं काठी टेकत यसबा आला.

"कोण रं डोलीत?" मी ओरडले.

"गाडी, अक्का," म्हणाला यसबा. "दमली."

झालं होतं असं. गुंडाळलेल्या गाडीला वारा लागेना. खिंडीच्या वर ती तापली, धूर सोडला आणि बंद पडली. यसबानं तिच्या अंगाला हात लावून बघितला आणि शेडमधून डोली आणली. एक नाही, दोन बांबू आणि चार घोंगड्या. साडेतीनशे किलोची बया.

दिघेसाहेब म्हणाले होते, "हे पण सहलीत धरलंय का?"

"व्हय," म्हणाला यसबा.

"म्हणजे तुमची इथली जुनी पद्धत?"

"व्हय."

साहेब लोक खूश झाले. त्यांच्या कंपनीत म्हणे एकजुटीसाठी असलं काहीतरी करायला लावतातच. त्यांनी खांदा दिला. शंभर पावलांवर एकानं विचारलं, "जवळ आलं ना?"

"व्हय."

दोनशे पावलांवर दुसऱ्यानं विचारलं, "का अजून लांब आहे?"

"व्हय."

तिसरा म्हणाला, "अरे बाबा, तुला खरंच वाट माहीत आहे का, की उगाच हो म्हणतोस?"

"व्हय," म्हणाला यसबा.

असे ते सड्यावर पोचले. तोंडं लाल, कपडे घामानं चिकटलेले, दिघेसाहेबांचा एक खांदा वर, एक खाली. केतकीताईंच्या केसांत अख्खं करवंदीचं झुडूप. "टेकवा," म्हणाला यसबा. त्यांनी टेकवलं नाही, सोडलं. एक बांबू कडाड मोडला. गाडी घोंगडीतून घसरली, उतारावर चार चाकांवर उभी राहिली आणि निघाली. वर कोणी नाही, मागं कोणी नाही. माझ्या चुलीवरून गेली, पिठलं घेऊन गेली, आणि बैलवाटेनं अगदी सरळ, झोकात, तळ्यात जाऊन बसली. कामाची गाडी चांगली चालते, हे मी म्हटलंच होतं.

पाहुण्यांनी कोरड्या भाकऱ्या खाल्ल्या आणि आपापल्या पायांनी खाली आले.

केतकीताई डेअरीच्या ओट्यावर बसल्या. आवाज चढवला नाही. हळू बोलणारी बाई चिडली की भीती वाटते. म्हणाल्या, "दिघेसाहेबांना मला उत्तर द्यायचंय. हे ज्याच्यामुळे झालं, त्याचं एक नाव मला कागदावर लिहून द्या. गटाच्या कामातलं माणूस पाहिजे, उगीच कोणी नको. त्या माणसाला आजच्या आज कामावरून काढा, तर मी पुढच्या शनिवारी पुन्हा येते. नाही तर पलीकडचं खोरं आहेच."

मग गुरुजी म्हणाले, "नाव यसबाच लिहील. तो खोटं लिहीत नाही." गुरुजींनी कागद आणि पेन दिलं, आणि यसबा आठवायला म्हणून टाकीमागं जाऊन बसला.

टाकीशेजारच्या हौदावर मी करपलेली, चेपलेली पातेली घासत होते. मला सगळं ऐकू येत होतं.

पहिल्यांदा अनुसयाक्का आल्या. "यसबा, बैलाचं मी आपलं बोलायचं म्हून बोलले. माझं नाव लिवू नगंस हां."

"बरं," म्हणाला यसबा.

मग पोट बरं होऊन तात्या आले. "वझ्याचं मी यंत्रावर टाकाय सांगितलं हुतं, पुस्तकावर न्हवं. माझं नाव न्हाई लिवायचं."

"बरं."

मग गुरुजी. "मी पुस्तकाबद्दल बोललो होतो, गाडीबद्दल नव्हे. माझं लिहू नकोस. आणि स्वतःचंही लिहू नकोस बाबा. तुला काढलं तर विचारतील, याला पाठवला कोणी? आणि नळ कोण सोडणार?"

"बरं."

मग गटातल्या उरलेल्या चौघी एकदमच आल्या. त्यांनी काहीच केलं नव्हतं, पण गर्दी बघून आल्या. "आमची बी नावं लिवू नगंस."

"बरं."

मला हसू येत होतं. घासणीनं पातेलं खरडत मी म्हटलं, बघू आता कोणाचं लिहितोस. मी उठले नाही. मी कशाला उठू? मी त्याला कधी काही शिकवलं नव्हतं. उलट चार वेळा ओरडून सांगितलं होतं. ज्याच्या मनात चोर त्यानं जावं टाकीमागं.

यसबा बराच वेळ बोटं मोजत बसला. एक एक बोट मिटत गेला. एक बोट उरलं. त्याकडे त्यानं नीट बघितलं, जीभ बाहेर काढून कागदावर लिहिलं, आणि जाऊन ताईंच्या हातात दिलं. मीही हात पुसत मागं जाऊन उभी राहिले.

ताईंनी कागद वाचला. त्यांचा विश्वास बसेना. "यसबा, नक्की? हिच्याचमुळे झालं सगळं?"

पाहुण्यानं विचारलं होतं. "व्हय," म्हणाला यसबा.

"कोणाचं हो नाव, ताई?" अनुसयाक्कानं पदर सावरत विचारलं. तात्यांनी पुन्हा पोट धरलं. गुरुजींनी चष्मा काढला. मी एकटीच हसत होते.

ताईंनी मोठ्यानं वाचलं, "बायडाबाई महिपत सपकाळ."